देवाला शिळं न्हाई वाढायचं

माझ्या सासूनं, हरणाबाईनं, एकदा विंचू चावला म्हणून देवाची स्तुती केली. ती मी ह्या कानांनी ऐकली आहे. लग्न होऊन नुकतीच आले होते. रात्रभर बाई पाय धरून कण्हत होती. पहाट झाली तशी उठली, लंगडत जात्याशी गेली, सुजलेला पाय लांब पसरला, खुंटा धरला आणि सुरू झाली:

इच्चू डसला पायाला, न्हाई चढला काळजाला
स्तुती तुझी देवबापा, पुन्हा लावलं कामाला

मी अंथरुणातच कपाळाला हात लावला. म्हटलं, एस्तेर, बापानं तुला कुठं आणून टाकली गं बाई!

माझं माहेर इस्लामपूर. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. कृष्णेकाठची माती, पायाखाली ओल, परसात पपई. तिथनं मी आले ती माणदेशात, खिलारवाडीला. दगड, बाभळी आणि धनगरांची वस्ती. आख्ख्या गावात ख्रिस्ती घर एकच, आमचं. आणि तेही ह्या एका बाईमुळं. माझा नवरा आकाराम लहान होता तेव्हा तापानं फणफणला. नवरा आधीच गेलेला, मागंपुढं कोणी नाही. पोराला पाठीशी बांधून ही मिरजेच्या मिशनच्या दवाखान्यात चालत गेली. पोर वाचलं. तिथल्या नर्सबाईनं सहज विचारलं, "आता देवाला काय देणार, हरणाबाई?" हिच्याकडं होतं काय द्यायला? म्हणाली, "रोज पहाटं एक ववी दीन." नवस फेडला की माणूस मोकळं होतं. हा मेला फिटणाराच नव्हता.

त्यात तिचे कायदे. मागणं रातच्याला, वाखाणणं पहाटं. रात्री दिवा मालवायच्या आधी काय रडायचं ते रडून घ्यायचं, पाऊस दे, कळप राख, पोरीच्या पोटातलं सुखरूप ठेव. पहाटे मात्र मागणीचा एक शब्द काढायचा नाही. आणि सगळ्यात कडक कायदा म्हणजे ओवी रोज नवी पाहिजे. एकदा मी, आपलं सासूला खूश करावं म्हणून, तिनं आदल्या दिवशी म्हटलेली बाजरीची ओवी तिच्यासोबत गुणगुणले, तर खुंटा थांबवून माझ्याकडं बघायला लागली.

"काल वाढलेलं आज पुन्ना वाढतीस? देवाला शिळं घालतीस व्हय गं?"

मी मास्तराची लेक. मला स्तोत्रं तोंडपाठ. म्हटलं, थांब, दाखवते तुला. दुसऱ्या दिवशी बायबलातलं, दाऊद राजाचं अख्खं एक स्तोत्र चालीवर म्हटलं. ऐकून घेतलं बाईनं, मान हलवली.

"लय ग्वाड हाय. पर ह्ये दाऊद राजाच्या घरचं झालं. तुज्या घरचं काय?"

आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, सायकलवर यायचे, त्यांनाही ह्या ओव्या पटत नसत. जात्यावर कसली उपासना, स्तोत्रं शिका म्हणाले. ती त्यांना ताक देत म्हणाली, "स्तोत्रं तुमी म्हणा सायेब. मला इच्चू चावला त्ये कोन म्हणंल?" साहेब ताक प्याले आणि हसत हसत सायकलवर बसले.

जात्याच्या दुसऱ्या बाजूला रोज दगडाबाई असायची. शेजारीण. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, तीही मातीची; तिच्याकडं कोणी शिंकलं की आमच्याकडं कळायचं. तिचं जातं फुटलेलं होतं आणि नवं घ्यायची तिला कधी गरजच पडली नाही. पहाटे आपली पाटी घेऊन यायची, समोर बसायची, आणि दोघींचे चार हात एका खुंट्यावर. हरणाबाई देवबापाची म्हणायची, दगडाबाई बिरोबाची. माझं डोकं उठायचं. एकदा मी विचारलंच, "दगडाआत्या, एका जात्यावर दोन देव कसे वो चालतात?"

"तिचा देव तिच्या बाजूनं वढतुय, माजा माज्या बाजूनं. पीठ पडल्याशी मतलब!" आणि दोघी अशा हसल्या की दळण सांडलं.

ते हसणं मला अजून ऐकू येतं. अंधार असायचा, चिमणी मिणमिणायची, दोघींच्या बांगड्या एका तालात वाजायच्या आणि ताज्या पिठाचा वास घरभर. मी अर्धवट झोपेत पडून राहायचे. तेव्हा चिडायचे. आज तसं पडून राहायला मिळालं तर काय पाहिजे ते देईन.

मग ते साल आलं. लढाई चालू होती, बाजारात काही मिळत नव्हतं, आणि मृग कोरडा गेला. आर्द्राही कोरडी गेली. कळप दरवर्षी पश्चिमेकडं चरायला जायचा आणि पावसाळ्याला परतायचा. त्या वर्षी परतून खाणार काय? आकाराम आणि त्याचा चुलतभाऊ धुळा मेंढरं घेऊन तिकडंच थांबले, पाटणच्या बाजूला कोयनेच्या खोऱ्यात. निरोप आला, पाऊस झाला की येतो. मी पोटुशी. घरात आम्ही दोघीच.

कणगी खरवडून झाली. कंट्रोलचं, म्हणजे सरकारी रेशनचं धान्य दहिवडीला येणार, दहिवडीला येणार असं रोज ऐकायचो; गाडी काही येत नव्हती. हुलगे संपले. मग रानातला चिघळीचा पाला, मग तरवडाच्या शेंगांपर्यंत गोष्ट आली. दगडाबाईची पाटीही रिकामी. ती पहाटे यायची थांबली. येऊन करणार काय? मला वाटलं, चला, आता जातं बंद, ओवी बंद. देवानं निदान झोप तरी दिली.

कसलं काय! पहिल्याच पहाटे घरघर सुरू झाली. मी दचकून उठले.

"आवं आत्याबाई, रिकामं जातं फिरवू नये. घराला बरं नसतं."

"रिकामं कुटं हाय?" तिनं मूठ उघडून दाखवली. बाजरीचा कोंडा होता, मागच्या सुगीचा, कोपऱ्यात राहिलेला. "जात्याबिगर माजं तोंडच उगडत न्हाई गं. काय करू?"

कोंडा दळायचा, झाडून गोळा करायचा, दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा जात्यात घालायचा. ओवी मात्र ताजी. पण ओवीला काही तरी घडावं लागतं ना! पहिले काही दिवस तिनं भागवलं. घागर पडली पण फुटली नाही, त्याची ओवी. माझ्या पायाची सूज उतरली, त्याची ओवी. मग एक दिवस ती नुसतीच खुंटा फिरवत राहिली. फिरवतीय, फिरवतीय, तोंडातनं शब्द नाही. मी अंधारात पडून बघत होते. मला वाटलं, हरली म्हातारी. तेवढ्यात भिंतीपलीकडं दगडाबाईचा नातू ज्योतिबा आजीकडं पाणी मागताना ऐकू आला. पोर तापानं पडलं होतं, चार दिवस डोळे उघडले नव्हते. आणि इकडं हिचा आवाज लागला:

ताप निघाला ज्योतीचा, मागितलं त्यानं पाणी
देवबापा तुझी किर्पा, ऐकली म्या भितीतनी

"आत्याबाई," मी म्हटलं, "ह्ये आपल्या घरचं न्हाई. तुमीच म्हणता ना, आपल्या घरचं पायजे."

"आपल्या घरात आज नवं काय न्हाई. शेजारच्या घरात हाय. मंग तिचं म्हणती." आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "त्यास्नी कुटं म्हणाया येतं देवबापाची? त्यांची बाकी ऱ्हाती देवाकडं."

तेव्हापासनं ती दगडाबाईच्या घरावरच जगायला लागली म्हणा ना. दगडाबाईची शेळी व्याली, तिची ओवी. वावटळीत तिचं छप्पर राहिलं, त्याची ओवी. उपासानं आवाज खाली गेला होता, भिंतीपलीकडं शब्द काही जात नव्हते. जात्याची घरघर मात्र जात होती.

आणि तिथंच सगळं बिघडलं.

आडावर पाण्याच्या पाळ्या लागलेल्या. आडाच्या तळाशी कपारीतनं झिरपेल तेवढं पाणी, घागर भरायला एकेकीला केवढा वेळ. मी रांगेत घागर ठेवून सावलीला बसले होते, तर दगडाबाई कोणाला तरी सांगत होती, मुद्दाम मला ऐकू जाईल असं.

"रोज पहाटं दळती. येकली दळती. इतकी वर्सं माज्याबिगर खुंटा धरला न्हाई तिनं. आन आता ज्वारी-बाजरी गावली तर शेजारीण नगं झाली. माजं ज्योतं पाल्यावर जगतंय."

माझ्या तोंडाशी आलं होतं, अगं, तो कोंडा आहे गं! पण मला एकदम लाज वाटली. चार बायकांत काय सांगू, की आमची सासू कोंडा दळून गाणी म्हणते? वेडी म्हणतील. मी गप्प बसले. माझी पाळी आली तर एका बाईनं माझी घागर उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. उन्हं उतरली तेव्हा मी अर्धी घागर गढूळ पाणी घेऊन घरी आले. पाठीत कळ निघत होती, पोटातलं लाथा मारत होतं.

घरी येऊन जी पेटले म्हणता!

"बंद करा ती ववी! गाव म्हणतंय आपण धान्य लपवलंय. मिशननं पोती दिली म्हणतात. दगडाआत्या म्हणती, हरणी येकली खाती."

सासूचा चेहरा उतरला. गाव म्हणालं त्याचं तिला काही नव्हतं. दगडाबाईचं नाव ऐकलं आणि उतरला.

"दगडी आसं म्हणली?"

"म्हणली. जावा, सांगा तिला खरं काय हाय ते."

"म्या का जाऊ? तिला इचाराया काय झालं? भिंत हाय मदी, डोंगर न्हाई. इचारलं तर सांगीन."

"मग निदान जातं तरी थांबवा. माझ्या पोटातल्यासाठी थांबवा. उद्या पाणी बंद झालं तर?"

ती बराच वेळ मातीवर बोटानं रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "इस्तर, सुगी-आबादानीत आपण त्याला रोज वाढलं. आता त्याला उपाशी ठिवू? त्यो काय म्हणंल, ही बया भरल्या पोटाचीच गाती." माझा हात धरला. हात नुसता हाडं होता. "रातच्याला पाण्याचं मागू. पहाटंचं मला मोडाया लावू नगंस."

मी तोंड फिरवून झोपले. मनात म्हटलं, असला हट्ट देवालाही नको झाला असेल.

दोन दिवसांनी सकाळी भाऊसो पाटील दारात आले. सोबत त्यांचा धाकटा भाऊ आप्पासो, त्याच्या खांद्यावर पहार. मागं निम्मं गाव. भाऊसो तसे वाईट माणूस नव्हते. फेटा काढून हातात धरला होता आणि नजर वर करत नव्हते.

"हरणाबाई, पोरं उपाशी हायती गावात. तुमच्या घरात जमिनीखाली धान्याचं प्याव हाय म्हणत्यात. आसंल तर सांगा, समद्यांस्नी वाटून घिऊ. पोलिसाला कळवत न्हाई."

"न्हाई पाटील."

"मग रोज काय दळता?"

पाटलांच्या मागं दगडाबाई उभी होती आणि सासू तिच्याकडं बघत होती. विचार ना, असं ते बघणं होतं. दगडाबाईनं नजर फिरवली.

"बघा घर," सासू म्हणाली आणि दारातनं बाजूला झाली.

त्यांनी खणलं. कणगीच्या खाली खणलं, उतरंड उतरवून तिच्याखाली खणलं. मडकी अंगणात मांडली; सगळी रिकामी, एकात मीठ, तेही ओलं. चूल उकरली. मी भिंतीला टेकून खाली बसले होते. आप्पासो माझ्यापुढं येऊन थांबला.

"वैनी, जरा उठा. तुमच्याखाली बगायचंय."

मला उठता येईना. कोणीतरी काखेत हात घालून उठवलं आणि मी बसले होते तिथं त्यानं पहार मारली. सारवलेली जमीन, मीच सारवलेली. पहिल्यांदा पहार आत गेली तेव्हा मी दोन्ही हातांनी पोट धरलं. काही निघालं नाही. नुसता मुरूम.

शेवटी आप्पासोनं जात्याचा वरचा दगड उचलून बाजूला केला. खाली करडी भुकटी. लोक पुढं सरले. "हे बगा! पीठ!" कोणी तरी म्हणालं.

दगडाबाई माणसं बाजूला सारत आत आली. खाली बसली, चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. थुंकली. पुन्हा घेतली, पुन्हा जिभेवर ठेवली.

"कोंडा हाय," ती म्हणाली.

"कोंडा कशापायी दळतीस गं?" तिनं विचारलं. अखेर विचारलं! पण आता सासूच्याच तोंडातनं शब्द फुटेना, नुसते ओठ हलत होते. मग मात्र माझा तोल गेला. पाटील बघितला नाही, सासू बघितली नाही, तोंडाला येईल ते बोलत सुटले.

"तुमच्यापायी दळती, दगडाआत्या! आमच्या घरात देवाचं नाव घ्यावं आसं काय उरलं न्हाई म्हणून तुमच्या घरचं घेती! तुमचं ज्योतं तापातनं उठलं, त्याची ववी म्हटली. तुमची शेळी व्याली त्याची म्हटली. ऐकायचीय? ऐका!" आणि मी, जिला त्या ओव्यांचा कंटाळा आला होता, ती धडाधडा म्हणत गेले. सगळ्या पाठ होत्या मला, मलाच ठाऊक नव्हतं:

शेळी व्याली दगडाची, दोन करडं पदरात
देवबापा तुझी किर्पा शेजारणीच्या घरात

पुढं मला म्हणता येईना. रडू फुटलं. भाऊसोंनी फेटा डोक्याला गुंडाळायला घेतला, तो काही नीट बसेना. "चला रं," म्हणाले, "भाईर चला समदे." आप्पासोनं वरचा दगड परत जागेवर ठेवला, अगदी हळू. गाव निघून गेलं. दगडाबाईही गेली. थोड्या वेळानं दारात तिची घागर दिसली, भरलेली. ती स्वतः नव्हती.

त्या रात्री सासूनं मागणंही मागितलं नाही. उकरलेल्या घरात खड्ड्यांच्या मधे जागा करून आम्ही पडलो.

पहाटे मला जाग आली ती शांततेनं. जातं वाजत नव्हतं. सासू जात्याशी बसली होती, खुंट्यावर हात, आणि नुसती बसली होती.

"आत्याबाई?"

"न्हाई गं इस्तर. लय हुडकलं. आपल्या घरात खड्डं हायती. तिच्या घरचं म्हणावं तर तोंड वळंना." तिनं बोटानं जात्याची कड पुसली. "संपलं वाटतं."

मला हेच तर पाहिजे होतं. आणि आता मला भीती वाटली, अशी भीती पहार घुसली तेव्हाही वाटली नव्हती. आईबापाच्या घरी मी शंभर वेळा स्तोत्रं म्हटली, पण देव खरोखर कुठं जवळपास आहे असं मला वाटायचं ते ह्या बाईच्या घरघरीमुळं, हे मला त्या अंधारात कळलं. काही तरी म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं. दाऊद राजाच्या घरचंच येत होतं. माझ्या घरचं काही सुचेना.

तेवढ्यात दार करकरलं. दगडाबाई. हातात पाटी, पाटी रिकामी. खड्डे चुकवत आली, रोजच्या जागेवर समोर बसली आणि खुंट्यावर सासूच्या हातावर हात ठेवला. सासूनं हात काढून घेतला नाही. दोघींनी ओढायला सुरुवात केली. कोंडा घरघरायला लागला. मग दगडाबाई म्हणाली, तिच्या त्या भसाड्या आवाजात, बिरोबाच्याच चालीवर:

घर खणलं हरणीचं, कोंडा तेवढा निघाला
हरणीच्या देवबापा, पाणी आलं डोळ्याला

सासूनं खुंटा थांबवला. पदरानं तोंड पुसलं.

"ह्ये नवं हाय," म्हणाली. "दगडे, आज त्याला ताजं गेलं गं."

पाऊस पुढं उशिरा का होईना, आला. कंट्रोलची गाडी आली. आकाराम कळप घेऊन आला आणि त्याच्या आधी आठवडाभर माझी लेक आली, दगडाबाईनंच मला सोडवली. खड्डे बुजवून मी जमीन सारवली, तरी चुलीजवळची एक जागा कायम जरा दबलेलीच राहिली. तिथं पाय पडला की दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं बघायच्या आणि हसायच्या.

आता दोघीही नाहीत. आधी दगडाबाई गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सासूनं एकटीनं जातं ओढलं आणि इतकी वर्षं शेजार मिळाला म्हणून ओवी म्हटली. विंचवावर म्हणणारी बाई ती, मरणावर का नाही म्हणणार? मी तेव्हा कपाळाला हात लावला नाही.

गावात गिरणी आली. जातं परसात आहे, त्यावर मी दुपारची टेकते. पण पहाटे जाग येतेच, आणि कायदा काही सुटत नाही. नवं पाहिजे. आकाराम राहिला नाही, लेक सासरी; माझ्या एकटीच्या घरात रोज नवं काय घडणार? गुडघा दुखतो, तो कालही दुखत होता. आजही बराच वेळ हुडकलं, काही हाती लागेना. मग उठून भिंतीला कान लावला. पलीकडं ज्योतिबाची सून परवाच बाळंत झालीय, आणि पोरगी भुकेनं टाहो फोडत होती. थोड्या वेळानं एकदम गप्प झाली, आईला लागली असणार. मी तशीच भिंतीला टेकून बसले आणि तिची ओवी म्हटली.